क्रुसाखालची कवटी, निळे वस्त्र आणि साडीतली मरिया

ख्रिस्ती चित्रांतील चिन्हांविषयी काही शंका असल्यास कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत ‘या चिन्हाचा अर्थ काय?’ असे विचारले आहे. अर्थ सांगता येतो, पण माझी वाचकांना विनंती आहे की त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : हे चित्र कुठे लावलेले होते आणि त्याच्यासमोर कोण गुडघे टेकत होते? हे कळल्याशिवाय चिन्हाचा अर्थ पाठ होतो, पण चित्र कळत नाही.

प्रश्न : आमच्या घरच्या आल्तारावरील (घरगुती वेदीवरील) जुन्या क्रुसाच्या पायथ्याशी एक कवटी आणि दोन हाडे आहेत. क्रुसावरील येशूच्या चित्रांतही ती दिसतात. ही कवटी कोणाची? (वसई)

उत्तर : परंपरेनुसार ती आदामाची आहे. येशूला ज्या ठिकाणी क्रुसावर खिळले त्याला शुभवर्तमानांत गुलगुथा, म्हणजे कवटीची जागा, असे म्हटले आहे. हे नाव का पडले ते तेथे सांगितलेले नाही. मात्र पहिला मानव आदाम याच जागी पुरलेला होता आणि येशूचा क्रूस त्याच्याच थडग्यावर उभा राहिला, अशी समजूत फार प्राचीन काळापासून होती. तिसऱ्या शतकातील विद्वान ओरिगेन याच्या लेखनात तिचा उल्लेख आहे. यरुशलेममधील पवित्र कबरेच्या चर्चमध्ये कालवारीच्या, म्हणजे गुलगुथाच्याच, खडकाखाली आजही आदामाचे म्हणून एक छोटे प्रार्थनास्थळ दाखवतात आणि तेथे खडकाला गेलेली भेगही पाहायला मिळते. या परंपरेमागे संत पौलाचे वचन उभे आहे : जसे आदामामध्ये सर्व मरतात, तसे ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील. चित्रकारांनी हे वचन दृश्य रूपात आणले. अनेक चित्रांत क्रुसाच्या खांबावरून ओघळणारे रक्त थेट त्या कवटीपर्यंत येते. तेव्हा ही कवटी भीती दाखवण्यासाठी ठेवलेली नसून मरणाच्या अगदी मुळाशी तारण पोहोचले, असे ती सांगते.

फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या भिंतीवर मासाच्चो या तरुण चित्रकाराने सुमारे 1427 मध्ये रंगवलेले ‘त्रैक्य’ हे भित्तिचित्र या संदर्भात अवश्य पाहावे. वर क्रुसावरचा ख्रिस्त आणि त्याला मागून आधार देणारा पिता, आणि खाली, पाहणाऱ्याच्या पातळीवर, दगडी चौथऱ्यावर पसरलेला एक सांगाडा. त्याच्यावर लेख आहे : ‘तुम्ही आज जे आहात ते मी एके काळी होतो, आणि मी आज जे आहे ते तुम्हीही व्हाल.’ या सांगाड्यालाही अनेक अभ्यासक आदाम मानतात. पाहणाऱ्याची नजर आपल्याच मरणापासून सुरू होते आणि वर चढत ख्रिस्तापर्यंत जाते. आपल्या आल्तारावरचा लहानसा क्रूस हाच क्रम वीतभर उंचीत दाखवतो.

प्रश्न : एका पुस्तकात जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्ड याचे क्रुसावरील ख्रिस्ताचे चित्र पाहिले आणि मन विटले. अंगभर फोड, हिरवट कातडी, वाकडीतिकडी बोटे. श्रद्धेच्या चित्रात इतकी किळस कशासाठी? (पुणे)

उत्तर : आपली प्रतिक्रिया प्रामाणिक आहे आणि चित्रकाराला ती अपेक्षितही असावी. परंतु हे चित्र कोणासाठी रंगवले गेले हे कळल्यावर ते वेगळे दिसू लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माथियास ग्रुनेवाल्डने हे काम 1512 ते 1516 या काळात केले. ते एकच चित्र नसून बिजागऱ्यांच्या दारांप्रमाणे उघडणारी आणि मिटणारी वेदीमागची फळ्यांची मोठी मांडणी आहे. आज ती फ्रान्समधील कोल्मार गावच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. मूळची मात्र ती जवळच्याच इझेनहाइम येथील संत अँथनीच्या मठासाठी घडवली होती. या मठातले संन्यासी एका विशिष्ट रोगाच्या माणसांची शुश्रूषा करीत. त्या रोगाला लोक ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणत. राय या धान्याच्या कणसांवर वाढणाऱ्या अरगट नावाच्या बुरशीमुळे तो होई, हे पुढे कळले. त्या धान्याची भाकरी खाणाऱ्या गरिबांच्या हातापायांत आग पेटल्यासारख्या वेदना होत, झटके येत, भास होत, रक्तपुरवठा बंद पडून बोटे आणि पाय काळे पडत व शेवटी कापून टाकावे लागत. आपल्याकडे बाजरीवर पडणारा अरगट शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तो याच वर्गातील बुरशीचा, पण वेगळ्या जातीचा.

असा रोगी मठात आला की त्याला या वेदीसमोर आणीत. त्याने मान वर केली की समोर हा ख्रिस्त दिसे. आपण लिहिलेले फोड नीट पाहावेत : फटक्यांनी फुटलेल्या कातडीत काटे जागोजागी रुतून राहिलेले आहेत, ओठ निळसर पडले आहेत, शरीराच्या भाराने क्रुसाची आडवी फळी खाली वाकली आहे आणि खिळ्यांभोवतीची बोटे आकाशाकडे ताणलेली, आखडलेली आहेत. जळत्या हातांनी आलेल्या माणसाला त्या हातांत आपलेच हात दिसत असणार. इतर चित्रांतील सुंदर, शांत, गोऱ्या देहाचा ख्रिस्त त्याच्या काय उपयोगाचा होता? आपले दुखणे देवाला ठाऊक आहे, नुसते ठाऊक नव्हे तर देवाने ते आपल्या अंगावर घेतले आहे, एवढेच त्याला हवे होते, आणि ग्रुनेवाल्डने कुठलीही तडजोड न करता ते दिले. ख्रिस्ती चित्रकलेत इतकी धीट करुणा मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

चिन्हे या चित्रात आहेतच. उजवीकडे येशूच्या येण्याची आगाऊ घोषणा करणारा योहान बाप्तिस्ता उघडे पुस्तक धरून उभा आहे आणि लांबलचक तर्जनी ख्रिस्ताकडे रोखून दाखवतो आहे. इतिहासाच्या हिशेबाने तो तेथे असणे अशक्य, कारण येशूच्या क्रूसमरणाआधीच हेरोदाने त्याचा शिरच्छेद केला होता. तो साक्षीदार म्हणून उभा आहे, आणि त्याच्या बोटाशेजारी त्याचेच शब्द लॅटिनमध्ये लिहिलेले आहेत : त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. त्याच्या पायाशी एक कोकरू आहे. कोकराने लहान क्रूस धरला आहे आणि त्याच्या छातीतून निघालेली रक्ताची धार सोन्याच्या प्याल्यात पडते आहे. चित्रासमोरच्या वेदीवर मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारसाची उपासना, चाले आणि तेथे खराखुरा प्याला उचलला जाई, तेव्हा रंगवलेला प्याला आणि धर्मगुरूच्या हातातला प्याला एका रेषेत येत असत. कोकरू म्हणजे ख्रिस्त, हे कोशातही सापडेल. ही रेषा मात्र चित्र आपल्या जागी असतानाच दिसते.

आता दारांविषयी. आपण पाहिलेले क्रूसमरणाचे दृश्य दारे मिटलेली असताना दिसे. सणाच्या दिवशी ती उघडली जात आणि आत उजव्या बाजूला पुनरुत्थित ख्रिस्त प्रकटत असे : अंधारात नारिंगी-पिवळ्या तेजोगोलातून वर उठणारा, आणि अंगावर एकही फोड नसलेला. हातापायांच्या आणि कुशीच्या जखमा तेवढ्या उरल्या आहेत आणि त्याही प्रकाशतात. रोग्याला दिलेले हे वचन होते. त्याहून आत आणखी एक उघडझाप आहे. तेथे संत अँथनीला छळणाऱ्या भुतांच्या गर्दीत, कोपऱ्यात, पोट फुगलेला आणि अंगभर गळवे असलेला एक जीव पडलेला आहे, आणि एका कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलेले आहे : ‘हे भल्या येशू, तू कुठे होतास? माझ्या जखमा बऱ्या करायला तू का आला नाहीस?’ वेदीवर अशी तक्रार लिहिण्याची मुभा त्या मठाने चित्रकाराला दिली, हे मला फार मोलाचे वाटते. तिच्या समोरच्याच फळीवर अँथनी वाळवंटातील साधू पौलाला भेटतो आहे, आणि त्यांच्या पायाशी औषधी वनस्पती इतक्या काळजीने रंगवल्या आहेत की त्यांतील कित्येक अभ्यासकांना नावानिशी ओळखता आल्या आहेत.

हे चित्र पुस्तकाच्या पानावर एकटेच पाहिले, तर किळसच हाती लागेल. दारे उघडल्यावर दिसणारी दृश्ये शेजारी ठेवून पुन्हा एकदा पाहावे, ही विनंती.

प्रश्न : आमच्या जेवणघरात लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’ची तसबीर आहे. त्यात यहूदा कोणता आणि कोणाच्याच डोक्यामागे तेजोवलय कसे नाही? (मुंबई)

उत्तर : ही तसबीर जेवणघरात लावण्याची अनेक ख्रिस्ती घरांतील रीत मूळ चित्राला धरूनच आहे, कारण मिलानमधील सांता मारिया देल्ले ग्रात्सिये या मठात लिओनार्दोने 1495 ते 1498 च्या सुमारास ते जेवणघराच्याच भिंतीवर रंगवले. संन्यासी मुकाट्याने जेवत आणि त्याच दालनात, वरच्या अंगाला, ख्रिस्त आणि त्याचे शिष्य जेवत.

त्याआधीचे चित्रकार येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याला ओळखता यावे म्हणून मेजाच्या अलीकडे एकटे बसवीत. फ्लॉरेन्समधील कास्तान्यो आणि गिर्लांदायो यांच्या भित्तिचित्रांत तसेच आहे. लिओनार्दोने त्याला सर्वांच्या रांगेत आणले. येशूच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, मागे रेललेला, चेहरा सावलीत असलेला आणि मुठीत पैशाची थैली आवळलेला तो यहूदा. ‘तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल’ हे शब्द नुकतेच उच्चारले गेले आहेत आणि प्रत्येक जण ‘मी तो आहे काय?’ असे विचारतो आहे. गुन्हेगार वेगळा बसवला की पाहणारा निश्चिंत होतो. तो रांगेत बसला की तोच प्रश्न पाहणाऱ्याकडेही वळतो. तेजोवलयाचे काम खिडकी करते. येशूच्या मस्तकामागे मधली खिडकी उघडी आहे, तिच्यातून संध्याकाळचे आकाश दिसते आणि तिच्यावरची कमान त्याच्या डोक्यावर येते. येशूचे पाय मात्र तसबिरीत शोधू नयेत. 1652 मध्ये त्या भिंतीत दार पाडले गेले तेव्हा ते नष्ट झाले.

प्रश्न : मरियेचे वस्त्र नेहमी निळेच का? (नाशिक)

उत्तर : नेहमी नाही. ग्रीक आणि रशियन परंपरेतील पवित्र प्रतिमांत ती बहुधा गडद तांबूस-जांभळ्या वस्त्रात असते आणि कपाळावर व दोन्ही खांद्यांवर एकेक तारा असतो. हे तीन तारे तिच्या अखंड कौमार्याची खूण आहेत. निळा रंग पश्चिम युरोपात रूढ झाला. त्याचा अर्थ स्वर्ग असा सांगतात, आणि तो बरोबरच आहे, पण त्याला किमतीचीही बाजू आहे. उत्तम निळा रंग लाजवर्द या दगडापासून होई आणि तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. दगड दळून, त्याची पूड राळ व मेण यांच्या गोळ्यात मळून, क्षारयुक्त पाण्यात पुन्हापुन्हा धुऊन निळा कण वेगळा काढावा लागे. गिर्लांदायोशी 1485 मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथगृहाने केलेल्या करारात निळा रंग औंसाला चार फ्लोरिन (फ्लॉरेन्सचे सोन्याचे नाणे) या दर्जाचा असावा, असे स्पष्ट लिहून घेतले होते. घरातील सर्वांत मोलाची वस्तू देवीला वाहावी, ही भावना मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. मरियेला ख्रिस्ती लोक देवी मानत नाहीत, परंतु अर्पणाची वृत्ती तीच.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या उपासनागृहात साध्या लाकडी क्रुसाखेरीज काहीही नाही. ‘कोरीव मूर्ती करू नकोस’ ही आज्ञा असताना चित्रांना श्रद्धेत स्थान आहे, असे आपण कसे म्हणता? (अहिल्यानगर)

उत्तर : हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी स्वतःलाच वारंवार विचारला आहे आणि त्यावरून रक्तही सांडले आहे. चित्रे मात्र फार लवकर आली. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील एका घरातच भरणारे चर्च उत्खननात सापडले असून त्याच्या बाप्तिस्म्याच्या खोलीत मेंढरू खांद्यावर घेतलेला उत्तम मेंढपाळ रंगवलेला आहे. पुढे आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी पवित्र प्रतिमांवर बंदी घातली. त्या वादात दमास्कसच्या योहानाने दिलेले उत्तर मला आजही पटते : अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, परंतु तोच देव देह धारण करून माणसांत वावरला, डोळ्यांना दिसला, तेव्हा जे दिसले त्याचे चित्र काढता येते. इ. स. 787 च्या निकाया येथील धर्मपरिषदेने आराधना फक्त देवाची आणि प्रतिमेला केवळ आदर, असा भेद ठरवून दिला. वाद पूर्णपणे मिटायला 843 साल उजाडले.

आपल्या मंडळीची परंपरा सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेतून येते. झुरिकमध्ये 1524 साली चर्चमधील चित्रे आणि मूर्ती काढून टाकण्यात आल्या. धर्मसुधारणेची सुरुवात करणारा जर्मन धर्मगुरू लूथर मात्र तितक्या टोकाला गेला नाही. विटेनबर्गच्या ज्या चर्चमध्ये तो उपदेश करी तेथील, क्रानाख या चित्रकाराच्या 1547 च्या वेदीचित्रात त्याचा एक हात उघड्या पवित्र शास्त्रावर आहे आणि दुसरा समोर दाखवतो आहे. तो आणि श्रोते यांच्यामध्ये, रिकाम्या खोलीत, क्रुसावरचा ख्रिस्त उभा आहे. उपदेशातून श्रोत्यांच्या मनात जे उभे राहावे तेच येथे रंगवले आहे.

आणि रेम्ब्रांटला विसरू नये. ज्या हॉलंडमधील सुधारित चर्चच्या भिंती कोऱ्या होत्या, त्याच देशात, आयुष्याच्या अखेरीस, सुमारे 1668 मध्ये त्याने येशूच्या दाखल्यातील उधळ्या पुत्राचे बापाकडे परत येणे रंगवले. ते आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यात तेजोवलय नाही, कोकरू नाही, क्रूस नाही. मुलगा गुडघे टेकून बापाच्या छातीत तोंड खुपसून आहे. त्याचा एक जोडा निसटला आहे आणि झिजलेला, मळलेला तळवा आपल्याकडे आहे. दाखल्यात बाप चाकरांना सांगतो की याच्या पायांत जोडे घाला. ते वाक्य ज्याच्या कानात आहे त्याला तो उघडा तळवा पाहताच पुढे काय होणार हे कळते. चिन्ह असेही असू शकते. आपल्या उपासनागृहातील रिकाम्या क्रुसालाही मी चिन्हच म्हणेन : त्यावर देह नाही, कारण तो उठला आहे.

प्रश्न : आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांत मरिया साडी नेसलेली आहे. हे भक्तीला धरून आहे का, की केवळ देशीपणाची हौस? (पणजी)

उत्तर : ती हौस असती तर तिच्यासाठी त्यांनी इतके सोसले नसते. फोन्सेका यांचा जन्म 1902 मध्ये गोव्यातील सांतु इस्तेव्ह या बेटावर झाला. मुंबईत त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडले, तेथील कलाशाळेतील युरोपीय पद्धतही त्यांना मानवली नाही आणि ते शांतिनिकेतनला जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांचे शिष्य झाले. गोव्यात परतल्यावर त्यांची भारतीय चेहऱ्याची मरिया आणि भारतीय वेशातला ख्रिस्त तेथील अनेकांना, विशेषतः धर्माधिकाऱ्यांना, खटकला. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या समाजात पवित्र म्हणजे युरोपीय असा समज घट्ट होता. अखेर फोन्सेका पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला. हा आश्रम अँग्लिकन पंथीयांचा होता आणि फोन्सेका कॅथलिक. तरीही त्यांचे काम तेथे बहरले. 1967 मध्ये त्यांचे निधन झाले.

ही चित्रे पवित्र शास्त्राला धरून नाहीत असे म्हणणाऱ्यांनी इटालियन चित्रे जरा काळजीने पाहावीत. त्यांतील मरिया पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या घरंदाज स्त्रीसारखी दिसते, तिच्या खिडकीतून तोस्कानाच्या टेकड्या दिसतात, आणि गाब्रिएल देवदूत जिथे येतो ते नाझरेथचे घर इटालियन कमानींचे असते. प्रत्येक देशाने तिला आपल्या घरात पाहिले. भारतीयांनी मात्र तिला इटलीच्या घरातच पाहावे, असा नियम शास्त्रात कुठे आहे? शिवाय आपल्याकडे शब्दांनी ही वाट फार आधी चोखाळली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापले गेले आणि त्यात येशूची कथा मराठी ओव्यांत आली. नारायण वामन टिळकांनी तीच श्रद्धा अभंगांत गायली. रेषा आणि रंग यांना तेथे पोहोचायला आणखी वेळ लागला, इतकेच.

फोन्सेका यांची चित्रे बहुतांशी जलरंगातली आहेत. रंगाचे पातळ थर एकावर एक देण्याची बंगाली पद्धत त्यांनी वापरली, त्यामुळे त्यांत झगमगाट नाही. मरियेचे पाय अनवाणी असतात, डोक्यावरून पदर असतो, नजर खाली असते. तेजोवलय त्यांनी टाकले नाही. साडी आणि तेजोवलय एकत्र येण्यात त्यांना विसंगती वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही. पुढे 1951 मध्ये त्यांनी विवाह केला, आणि त्यांच्या अनेक मरियांमध्ये पत्नी आयव्ही यांचा चेहरा दिसतो. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1962 ते 1965 या काळात स्थानिक संस्कृतींचे उपासनेत स्वागत केले, परंतु तोवर फोन्सेका तीस वर्षांहून अधिक काळ हेच करीत आले होते. त्यांच्यानंतर पुण्यातच जन्मलेल्या ज्योती साही यांनीही भारतीय प्रतीकांतून ख्रिस्त रंगवण्याचे काम आपल्या परीने पुढे नेले.

आपण पणजीत राहता, तेव्हा छापील प्रतींवर समाधान मानू नये. फोन्सेका यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आहे. चित्रे केव्हा पाहायला मिळतील याची आधी चौकशी करून जावे, आणि जमल्यास त्याच दिवशी ओल्ड गोव्यातील सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयही पाहावे, म्हणजे फोन्सेका कोणत्या परंपरेत वाढले आणि त्यांनी नेमके काय बदलले, हे दोन्ही एकाच दिवशी समोर येईल.